खलनायिकेचा पूर्वेतिहास आणि अपराधाचे स्थलांतर : आनंदीबाई ते सिंडेल

प्रस्तावना

दिवाळी आटोपली की वडसा (देसाईगंज) या गावाचा दिनक्रम बदलतो. झाडीपट्टी रंगभूमीवरील अनेक नाट्यमंडळांची कार्यालये या गावात आहेत. नाटकांची नोंदणी, तालमी, पडदे व ध्वनिव्यवस्था यांची जुळवाजुळव येथूनच होते आणि मंडई व शंकरपट यांच्या निमित्ताने गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांतील गावोगावी रात्रभर नाटके रंगतात. या रंगभूमीवरील ज्येष्ठ कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाल्यानंतर तिच्याविषयी बरेच लिहिले गेले. तथापि तिच्या कौटुंबिक नाटकांतील एका पात्राकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले दिसत नाही. ते पात्र म्हणजे खलनायिका. सावत्र आई, जाऊ, नणंद किंवा सासू अशा कोणत्याही नात्याने ती येते, घर उद्ध्वस्त करू पाहते आणि मध्यरात्र उलटल्यावर एखाद्या प्रवेशात तिचा भूतकाळ सांगितला जातो. त्या क्षणापर्यंत तिच्यावर संतापलेला प्रेक्षक थोडा वेळ गप्प होतो.

याच गावातील महाविद्यालयीन विद्यार्थी मोबाईल व संगणकावरील खेळांतील पात्रांविषयी तितक्याच पोटतिडकीने वाद घालतात. खेळाच्या नव्या भागात एखाद्या खलनायिकेची जुनी कहाणी बदलली तर ‘ती अशी नव्हतीच’ अशी त्यांची तक्रार असते. वरवर पाहता ही तक्रार बालिश वाटेल. परंतु ‘ती अशी नव्हतीच’ हा आक्षेप मराठी साहित्याच्या वाचकाला अपरिचित नाही. आनंदीबाई पेशवे या व्यक्तिरेखेबाबत तो शतकाहून अधिक काळ या ना त्या रूपात उपस्थित होत आलेला आहे. खलनायिकेचा पूर्वेतिहास नव्याने लिहिला गेल्यास तिच्या व्यक्तिरेखेचे नेमके काय होते, याचा विचार आनंदीबाईच्या उदाहरणावरून करणे आणि तो विचार व्हिडिओ गेमच्या क्षेत्रात कितपत टिकतो हे पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. ऐतिहासिक व्यक्ती म्हणून आनंदीबाईंचा उल्लेख या लेखात आदरार्थी केला आहे, तर नाटक-कादंबरीतील व्यक्तिरेखा म्हणून ती ‘ती’च आहे. हा भेद व्याकरणापुरता नाही, हे पुढील विवेचनातून लक्षात येईल.

पूर्वेतिहास : संकल्पना व तिची मर्यादा

कलाकृतीतील मुख्य घटनाक्रम सुरू होण्यापूर्वी पात्राच्या आयुष्यात घडलेल्या आणि कलाकृतीत सांगितलेल्या किंवा सूचित केलेल्या घटना, असा ‘पूर्वेतिहास’ या संज्ञेचा अर्थ येथे अभिप्रेत आहे. जे सूचितही नाही ते पूर्वेतिहासात मोडत नाही. इंग्रज समीक्षक एल. सी. नाईट्स यांनी १९३३ मध्ये लेडी मॅकबेथला मुले किती होती, असा उपरोधिक प्रश्न आपल्या निबंधाच्या शीर्षकातच विचारला. शेक्सपिअरने तिच्या भूतकाळाविषयी एखाद-दुसरा उल्लेख केला आणि समीक्षकांनी त्यावरून तिचे संपूर्ण चरित्र रचले, या प्रवृत्तीची त्यांनी थट्टा केली. त्यांचा इशारा रास्त आहे. मात्र वाचकाला खलनायिकेच्या भूतकाळाची ओढ का वाटते, हा प्रश्न त्या थट्टेने सुटत नाही. खलनायकाबाबत ही ओढ तुलनेने कमी दिसते. पुरुषाची सत्ताकांक्षा स्वयंसिद्ध मानली जाते. स्त्रीने तीच आकांक्षा धरली की ‘तिला झाले तरी काय?’ असे विचारले जाते.

या ओढीचे सर्वांत जुने आणि सर्वांत समृद्ध उदाहरण कैकेयीचे होय. वाल्मीकी रामायणाच्या अयोध्याकांडातच तिला एकाहून अधिक पूर्वेतिहास लाभले आहेत. देवासुरसंग्रामात तिने दशरथाचे प्राण वाचवले आणि दोन वर मिळवले, ही मंथरेने करून दिलेली आठवण. त्या आठवणीमुळे ती ऋणको राजाची धनको ठरते. चित्रकूटावर राम भरताला वेगळीच गोष्ट सांगतो. विवाहाच्या वेळी दशरथाने कैकेयीच्या पित्याला राज्यशुल्काचे वचन दिले होते, असे तो म्हणतो. ही गोष्ट ग्राह्य धरली तर तिची मागणी हट्टाची न राहता हक्काची होते. आणि सुमंत्र तिसरेच सांगतो : तिच्या मातेने पतीच्या प्राणांची पर्वा न करता हट्ट धरला होता व अश्वपतीने तिचा त्याग केला होता, म्हणजे मुलीचा दोष मातेकडून आलेला. स्त्री तीच, मागणी तीच; पण ती कोणाच्या मुखातून आपल्यापुढे येते यावर तिचे रूप ठरते.

पुढे अध्यात्मरामायणात व तुलसीदासांच्या रामचरितमानसात देवांच्या विनंतीवरून सरस्वती मंथरेची बुद्धी फिरवते. भक्तिपरंपरेच्या दृष्टीने हा बदल सुसंगतच आहे. रामाचा वनवास ईश्वरी योजनेचा भाग ठरला की त्याचे कारण मानवी द्वेषात शोधण्याची गरज उरत नाही. परंतु व्यक्तिरेखेच्या दृष्टीने कैकेयीला ही क्षमा महाग पडते. तिच्यावरील ठपक्याबरोबर तिची इच्छाशक्तीही जाते. वाल्मीकींची कैकेयी कोपगृहात जाते, वाद घालते, दशरथाला त्याच्या सत्यवचनाची आठवण करून देते. दैवी योजनेतील कैकेयीही हे सारे करते, पण ते करणारी ती उरत नाही.

आनंदीबाई : एका अक्षराचा पूर्वेतिहास

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. सुमेरसिंग गारदी, महंमद इसफ, खरकसिंग व तुळाजी पवार ही नावे या कटाशी जोडली गेली. रघुनाथरावांनी नारायणरावास ‘धरावे’ असे लिहून दिले होते, त्याचे कोणीतरी ‘मारावे’ केले आणि ते करणाऱ्या आनंदीबाई होत्या, ही कथा मराठी माणसाला बालपणापासून ठाऊक असते. ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार तर इतका रुळला आहे की कचेरीतील टंकलेखनाची चूकही त्याच शब्दांनी सांगितली जाते. ग्रँट डफ यांच्या १८२६ च्या मराठ्यांच्या इतिहासात हा अक्षरबदल नोंदलेला आहे. परंतु तेथेही आनंदीबाईंचे नाव सर्वसाधारण समजूत म्हणूनच येते, सिद्ध झालेली बाब म्हणून नव्हे.

या कथेची रचना लक्षपूर्वक पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. ‘ध चा मा’ ही कथा आनंदीबाईंविषयी जेवढे सांगते तेवढेच, किंबहुना अधिक, रघुनाथरावांविषयी सांगते. ती मान्य केली की पुतण्याचा जीव घेण्याचा हेतू काकाचा नव्हता, त्याला केवळ अटक हवी होती, हे आपोआप मान्य होते. १७५८ च्या मोहिमेत ज्यांच्या नेतृत्वाखाली मराठी फौजा लाहोरपर्यंत गेल्या व अटकेपार झेंडे लावल्याचा अभिमान ज्यांच्या नावाशी निगडित झाला, त्या राघोभरारींच्या हातून घरातल्याच मुलाचा खून व्हावा, हे लोकस्मृतीला पचणे अवघड होते. कथेने तो अपराध एका अक्षराच्या साहाय्याने पत्नीच्या हाती सोपवला. या प्रक्रियेस प्रस्तुत लेखक ‘अपराधाचे स्थलांतर’ असे म्हणू इच्छितो. एका पात्राचा भूतकाळ बदलला की अपराध नाहीसा होत नाही. तो दुसऱ्या पात्राच्या खात्यावर जमा होतो.

येथे रामशास्त्री प्रभुणे यांच्या निर्णयाचे स्मरण करणे उचित ठरेल. परंपरेने सांगितलेले त्यांचे देहान्त प्रायश्चित्त रघुनाथरावांसाठी होते, आनंदीबाईंसाठी नव्हते. न्यायासनाने दोष जेथे ठेवला तेथून लोककथेने तो हलवला, आणि गंमत अशी की रामशास्त्र्यांच्या निःस्पृहतेचा गौरव करणारेही बहुधा याच स्थलांतरित आवृत्तीवर विश्वास ठेवतात!

आता हेतूचा प्रश्न. आपल्या मुलाला गादी मिळावी म्हणून तिने हे केले, असे सहज सांगितले जाते. परंतु पुढे पेशवे झालेल्या दुसऱ्या बाजीरावांचा जन्म जानेवारी १७७५ मध्ये धार येथे झाला, म्हणजे खुनानंतर सुमारे सोळा महिन्यांनी. खुनाच्या वेळी रघुनाथरावांना पुत्र होता तो दत्तक घेतलेला अमृतराव. ‘पुत्रमोहाने आंधळी झालेली माता’ हे चित्र अशा रीतीने पुढच्या घटनेवरून मागे ओढून आणलेले आहे. याउलट ज्या घटनेतून खरोखर काही मानसिक इतिहास हाती लागू शकेल ती फारशी सांगितली जात नाही. १७६८ मध्ये धोडप येथे माधवरावांनी रघुनाथरावांचा पराभव केला आणि त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले. नारायणरावांच्या कारकिर्दीत, अल्पकाळच्या मोकळीकीनंतर, पुन्हा तीच स्थिती आली. ज्या वाड्यात आपण सत्ताधारी घराण्यातील सून म्हणून आलो त्याच वाड्यात वर्षानुवर्षे पहाऱ्यात राहणे, हा अनुभव एखाद्या संवेदनशील लेखकाला पुत्रमोहापेक्षा अधिक फलदायी वाटावयास हवा होता. अर्थात असा अनुभव खुनाचे समर्थन करीत नाही. तो केवळ पात्राला एक विश्वसनीय खोली देतो, शब्दाच्या दोन्ही अर्थांनी.

‘भाऊबंदकी’ आणि ‘स्वामी’ : उलटा क्रम

कृ. प्र. खाडिलकर यांचे ‘भाऊबंदकी’ हे नाटक १९०९ चे. सुरतेच्या काँग्रेस अधिवेशनातील फुटीला तेव्हा दोनच वर्षे झाली होती आणि घरभेदाचा विषय प्रेक्षकांना दूरचा वाटण्याचे कारण नव्हते. खाडिलकरांची आनंदीबाई महत्त्वाकांक्षी, तडफदार आणि पतीच्या डळमळीत स्वभावावर मात करणारी आहे. तिची लेडी मॅकबेथशी केली जाणारी तुलना सर्वपरिचित आहे. खाडिलकरांनी तिच्या दुःखाची कहाणी आळवली असती तर कदाचित ती अधिक ‘समजण्याजोगी’ झाली असती, पण रंगमंचावरील तिची पकड सैल झाली असती, असे या लेखकाचे मत आहे. पूर्वेतिहासाची कमतरता नेहमीच उणीव असते असे नाही.

त्यानंतर ५३ वर्षांनी, १९६२ मध्ये, रणजित देसाई यांची ‘स्वामी’ ही कादंबरी आली. १९६४ मध्ये तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि पुढे ती दूरदर्शन मालिकेच्या रूपानेही घरोघरी पोहोचली. ‘स्वामी’चा काळ १७७२ मध्ये माधवरावांच्या मृत्यूशी संपतो. नारायणरावांचा खून तिच्या कथानकाबाहेर राहतो. तरीही मराठी वाचक या कादंबरीतील आनंदीबाई कशी वाचतो? खून अद्याप घडलेला नाही, पण वाचकाच्या मनात तो घडून गेलेला आहे. तिचे प्रत्येक बोलणे, रघुनाथरावांच्या महालातील तिची प्रत्येक ये-जा पुढील अपराधाच्या उजेडात पाहिली जाते. तात्पर्य, प्रसिद्धीच्या क्रमाने नंतर आलेली ‘स्वामी’ ही घटनांच्या क्रमाने ‘भाऊबंदकी’ची पूर्वकथा बनते. खाडिलकरांनी न लिहिलेला पूर्वेतिहास वाचकांच्या पुढील पिढ्यांनी देसाईंकडून उसना घेतला.

या पूर्वकथेचे केंद्र माधवराव व रमाबाई यांचे सहजीवन आहे. मृणाल कुलकर्णी दिग्दर्शित ‘रमा माधव’ (२०१४) या चित्रपटाचेही तेच, आणि तेथे आनंदीबाईची भूमिका सोनाली कुलकर्णी यांनी केली. आदर्श दांपत्य मध्यभागी ठेवले की दुसऱ्या दांपत्याने त्याची छाया व्हावे, ही रचनेचीच गरज असते. रमाबाईंच्या निष्ठेचे मोल उठून दिसावे म्हणून आनंदीबाईच्या पतीवरील प्रभावाला कपटाचा रंग येतो. वस्तुतः दोघीही आपापल्या पतीच्या बाजूने उभ्या आहेत. एकीच्या निष्ठेला आपण सती म्हणतो, दुसरीच्या निष्ठेला कारस्थान. तिचा पूर्वेतिहास येथे तिच्यासाठी लिहिला गेलेलाच नाही. तो दुसरीसाठी लिहिला गेला.

सिंडेल : शहीद राणी ते अपराधी राणी

व्हिडिओ गेम या माध्यमातील एक उदाहरण आता तपासता येईल. ‘मॉर्टल कॉम्बॅट’ ही द्वंद्वयुद्धाची खेळमालिका १९९२ मध्ये सुरू झाली. तिच्या १९९५ च्या तिसऱ्या भागात सिंडेल हे पात्र आले. इडेनिया या काल्पनिक राज्याची ही राणी. शाओ कान हा सम्राट तिचे राज्य जिंकतो, तिचा पती राजा जेरॉड मारला जातो, तिला सम्राटाची पत्नी व्हावे लागते आणि ती आत्मघात करते. पुढे सम्राट तिला पुन्हा जिवंत करून आपल्या बाजूने लढवतो. २०११ च्या आवृत्तीत या मरणाला बलिदानाचे रूप दिले गेले. तिच्या आत्मत्यागाने पृथ्वीभोवती संरक्षक कवच उभे राहिले होते, असे सांगण्यात आले. याच आवृत्तीत तिच्या हातून अनेक नायकांचा, तिची मुलगी किटाना हिचाही, संहार होतो. पण तेव्हा ती परक्या शक्तीच्या अमलाखाली असते. खलकृत्य तिच्या हातून, अपराध मात्र सम्राटाचा, अशी ही वाटणी होती.

‘मॉर्टल कॉम्बॅट ११’ (२०१९) आणि त्याला २०२० मध्ये जोडलेल्या ‘आफ्टरमाथ’ या कथाभागाने ही वाटणी उलटवली. आता असे उघड होते की जेरॉडला सिंडेलनेच मारले होते, सामर्थ्यवान सम्राटाची निवड तिने आपखुशीने केली होती आणि तिचा मृत्यू हा आत्मत्याग नसून दुसऱ्याने केलेला घात होता. ती पुन्हा जिवंत होताच मुलीचा विश्वासघात करून शाओ कानच्या पक्षाला मिळते. अनेक जुन्या खेळाडूंना हा बदल रुचला नाही.

त्यांची नाराजी केवळ गतकातरतेतून आलेली आहे असे मानणे अन्यायाचे होईल. या बदलाने सिंडेलला काहीतरी दिले, हे प्रथम मान्य केले पाहिजे. पूर्वीची सिंडेल हरलेली, मेलेली, उठवलेली, वश केलेली आणि मुक्त केलेली होती. ही सर्व कर्मणी रूपे आहेत. नवी सिंडेल निवडते, मारते, फसवते. व्याकरणाच्या भाषेत बोलायचे तर ती प्रथमच कर्तरी प्रयोगात आली. आनंदीबाईच्या संदर्भात खाडिलकरांनी जे केले त्याच्याशी याचे साम्य आहे.

परंतु खाडिलकरांच्या नाटकात जो धागा शाबूत राहतो तो येथे तुटतो. किटाना ही या मालिकेतील एक प्रमुख नायिका, आणि आपण ज्याला पिता मानत होतो त्यानेच आपल्या खऱ्या मातापित्यांचा नाश केला, या शोधावर तिची सगळी व्यक्तिरेखा उभी आहे. मातेनेच पित्याला मारले असेल तर किटानाचा शोक कोणासाठी होता? शाओ कानच्या क्रौर्यातील एक मोठा अंशही सिंडेलच्या खात्यावर गेला. तो आता परस्त्रीला बळाने आणणारा न राहता तिने निवडलेला पुरुष ठरतो. अपराधाचे स्थलांतर पुन्हा एकदा पतीकडून पत्नीकडेच झाले, हा योगायोग विचारात घेण्यासारखा आहे. आणि एवढा मोठा निर्णय तिने का घेतला, याचे उत्तर ‘सामर्थ्याची आवड’ यापलीकडे फारसे जात नाही. तिला कर्तेपण मिळाले, पण त्या कर्तेपणाला मन मिळाले नाही. २०२३ च्या ‘मॉर्टल कॉम्बॅट १’ मध्ये काळाची नवी मांडणी करून सिंडेलला पुन्हा न्यायी सम्राज्ञी केले गेले. शाओ कानला इतक्या वेळा स्वतःचे स्पष्टीकरण द्यावे लागलेले नाही.

याच माध्यमात वेगळी वाटही सापडते. ‘पोर्टल’ (२००७) या खेळात ग्लाडॉस ही यंत्रबुद्धी प्रयोगशाळेतील माणसांवर थंडपणे जीवघेणे प्रयोग करते. ‘पोर्टल २’ (२०११) मध्ये खेळाडूला जुन्या ध्वनिमुद्रणांतून कळत जाते की प्रयोगशाळेच्या संस्थापकाची कॅरोलिन नावाची सहायिका होती व तिचाच अंश या यंत्रात आहे. हा पूर्वेतिहास खेळाडूबरोबरच ग्लाडॉसलाही नव्याने कळतो, हे विशेष. तो कळल्यावर त्याचे काय करायचे, हे ती स्वतः ठरवते आणि शेवटी कॅरोलिनला आपण पुसून टाकले असे जाहीर करते. ते खरे की खोटे, हे संदिग्धच राहते. तिच्या पूर्वीच्या कृत्यांपैकी एकही कृत्य या माहितीने दुसऱ्याच्या नावावर जात नाही. सिंडेलच्या लेखकांना न साधलेली गोष्ट येथे साधली आहे, असे म्हणता येईल.

अध्यापनाच्या दृष्टीने

झाडीपट्टीकडे पुन्हा वळताना एक फरक लक्षात घ्यावा लागतो. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोली व येथील दंडारीसारख्या लोकनाट्याकडे विद्यापीठीय जगाचे लक्ष वेधले. त्या परंपरेत संहिता ही प्रयोगागणिक हलणारी गोष्ट आहे. रात्रभराच्या प्रयोगाला अवकाश मोठा असतो, आणि खलनायिकेच्या भूतकाळाचा प्रवेश गावाच्या प्रतिसादानुसार लांबतो किंवा आखडतो. खेळमालिकेत नवा भाग आला की जुना भूतकाळ अधिकृतपणे रद्द होतो. येथे मात्र कालच्या गावातील खलनायिका आणि आजच्या गावातील खलनायिका दोन्ही शिल्लक राहतात. आनंदीबाईबाबतही असेच घडले आहे : ग्रँट डफची, खाडिलकरांची, देसाईंची आणि चित्रपटाची, अशा चारही आनंदीबाई आज एकाच वाचकाच्या मनात नांदत असतात. ऐतिहासिक आनंदीबाईंना मात्र या चौघींचे ओझे वाहावे लागते. त्या १७९४ मध्ये वारल्या. काल्पनिक राणीप्रमाणे त्यांच्यासाठी कोणी काळाची नवी मांडणी करून देणार नाही.

पदवी वर्गात ‘भाऊबंदकी’ व ‘स्वामी’ शिकवताना एक प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. अर्ध्या वर्गाने प्रसिद्धीच्या क्रमाने म्हणजे नाटक आधी व कादंबरी नंतर वाचावी, उरलेल्यांनी घटनांच्या क्रमाने कादंबरी आधी व नाटक नंतर. त्यानंतर दोन्ही गटांना एकच प्रश्न द्यावा : नारायणरावाच्या खुनात रघुनाथरावाचा वाटा किती व आनंदीबाईचा किती? उत्तरासाठी मजकुरातील स्थळे दाखवण्याची अट असावी, आणि ‘ध चा मा’ हा पुरावा म्हणून वापरण्यास मनाई. जे विद्यार्थी सिंडेलविषयी तासन्‌तास भांडू शकतात त्यांना हा प्रश्न अवघड जाणार नाही. प्राध्यापकांना कदाचित जाईल.